यादीतील नाव आणि हातातील काम

(आपल्या संघाच्या न्युरेम्बर्ग येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात आरोग्याविषयी काही बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आपण प्रत्येक भेटीत विचारता आणि आम्ही यथाशक्ती उत्तरे देतो. म्हणून आज आम्ही निराळा विषय निवडला आहे. तो आहे अपंगत्व आणि रोजगार. हा विषय आपला नाही, असे बऱ्याच जणांना वाटेल. तो आपल्या घराच्या उंबरठ्याच्या किती आत आहे, हे दाखवणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. सरकारदरबारी आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. हा शब्द वापरणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हाला शंका नाही. परंतु ज्याला जिना चढता येत नाही त्याला देवत्व नको असते, उतरंड हवी असते. गोड नावाने हक्काचा प्रश्न सुटत नाही, हे आपल्या समाजाइतके कोणी अनुभवलेले नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. तो इतिहास स्मरून आम्ही आज 'अपंग' हा जुना, साधा शब्दच वापरणार आहोत. ज्यांना तो रुचत नसेल त्यांनी क्षमा करावी.

ज्या नगरीत आपण जमलो आहोत, तिचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. १५ सप्टेंबर १९३५ रोजी याच न्युरेम्बर्गमध्ये वंशभेदाचे कायदे जाहीर झाले. त्यांत कोण यहुदी आणि कोण जर्मन, याच्या व्याख्या ठरल्या, याद्या झाल्या आणि पुढे काय घडले हे जगाला ठाऊक आहे. मात्र त्याआधीच, १४ जुलै १९३३ रोजी, आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला होता आणि त्याखाली सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया लादल्या गेल्या. युद्ध सुरू होताच, ऑक्टोबर १९३९ पासून, देशभरच्या मनोरुग्णालयांना व आश्रमांना छापील पत्रके धाडण्यात आली. वरवर पाहता ती साधी नोंदणीची पत्रके होती. रुग्णाचे नाव काय, रोग कोणता, किती वर्षे दाखल आहे आणि तो काम कोणते करतो, एवढेच त्यांत विचारले होते. भरलेली पत्रके बर्लिनला जात. तेथे तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाचे तोंडही न पाहता कागदावर खूण करीत. लाल रंगाची अधिक खूण म्हणजे मृत्यू, निळी वजा खूण म्हणजे जीवन. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांहून अधिक माणसे अशा रीतीने विषारी वायूने मारली गेली. येथून जवळच असलेल्या एर्लांगेनच्या मनोरुग्णालयातूनही ९०० हून अधिक रुग्ण नेण्यात आले.

'काम कोणते करतो?' हा त्या पत्रकातला प्रश्न वाचला की आमच्यासारख्या वैद्यकाच्या अंगावर काटा उभा राहतो. माणसाचे जगणे त्याच्या कामाच्या उपयोगावर तोलले गेले आणि तराजू धरणारे हात आमच्या व्यवसायाचे होते. याच शहराच्या न्यायालयात ९ डिसेंबर १९४६ पासून २० ऑगस्ट १९४७ पर्यंत डॉक्टरांवरचा खटला चालला. २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते. सात जणांना देहदंड झाला. माणसावर कोणताही प्रयोग त्याच्या स्वेच्छेच्या संमतीवाचून करता येणार नाही, हे तत्त्व ज्या दहा कलमांत स्पष्टपणे सांगितले गेले, ती 'न्युरेम्बर्ग संहिता' त्या निकालातून जगाला मिळाली.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. आपणही यादीतली माणसे आहोत. अनुसूची म्हणजे यादीच. १९३६ च्या आदेशाने अस्पृश्य जातींची यादी तयार झाली आणि शतकानुशतके ज्या नावाने अपमान झाला, तेच नाव बाबासाहेबांच्या झुंजीमुळे हक्काचे साधन बनले. पुढे १९५६ मध्ये आपण धम्माची दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. दारिद्र्य तेच, गावकुसाबाहेरचे घर तेच, पण यादीत नाव नाही. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत किती होतकरू मुलांच्या नोकरीच्या वाटा बंद झाल्या, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

यादी मारू शकते, यादी तारू शकते आणि यादीत नाव असूनही माणूस दाराबाहेर राहू शकतो. आजचे आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. आता ते दोन देशांच्या कायद्यांत तपासून पाहू.

ज्या जर्मनीने ती पत्रके छापली, त्याच जर्मनीने अपंगांच्या रोजगाराचा जगातील एक जुना कायदाही केला आहे. पहिल्या महायुद्धातून लाखो जायबंदी सैनिक परतले, तेव्हा ६ एप्रिल १९२० रोजी त्यांना नोकरीत घेण्याची सक्ती मालकांवर करण्यात आली. मात्र तो कायदा अपंगत्वाचे कारण विचारी. रणांगणावर किंवा कारखान्यातील अपघातात पाय गेला असेल तर तो हक्कदार. जन्मतः पाय नसेल तर तो दयेचा विषय. हा भेद जायला १९७४ साल लागले. त्या वर्षीच्या कायद्याने कारण विचारणे बंद केले. पाय कशाने गेला यापेक्षा, पाय नसल्याने माणसाला समाजात वावरताना व काम करताना किती अडथळा होतो, हे मोजावे असे ठरले.

आजची व्यवस्था अशी आहे. अडथळ्याचे अंश ठरवले जातात. ५० किंवा अधिक अंश असल्यास व्यक्ती तीव्र अपंग मानली जाते. २० किंवा अधिक जागा असलेल्या प्रत्येक मालकाने, मग तो सरकारी असो वा खाजगी, ५ टक्के जागांवर अशा व्यक्तींना काम दिले पाहिजे. न दिल्यास भरल्या न गेलेल्या प्रत्येक जागेमागे दरमहा भरपाईची रक्कम द्यावी लागते. २०२५ या वर्षापासून ती, त्रुटी किती आहे त्याप्रमाणे, १५५ युरोपासून ८१५ युरोपर्यंत आहे. लहान आस्थापनांना काही सूट असते. हा पैसा सरकारी तिजोरीत नाहीसा होत नाही. त्यातून कामाच्या जागी लागणारी उपकरणे, मदतनीस आणि मालकांना द्यावयाचे अनुदान यांचा खर्च भागवला जातो.

त्याशिवाय तीव्र अपंग कामगाराला वर्षाला पाच दिवसांची जादा रजा मिळते. नोकरीला सहा महिने झाल्यावर संबंधित कार्यालयाच्या संमतीवाचून त्याला कामावरून काढता येत नाही. सार्वजनिक संस्थांनी पात्र अपंग उमेदवाराला मुलाखतीस बोलावलेच पाहिजे, असा दंडक आहे. वर्षात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कोणत्याही कामगाराशी, तो अपंग असो वा नसो, मालकाने बसून बोलले पाहिजे आणि नोकरी कशी टिकवता येईल याचा मार्ग शोधला पाहिजे. रोजगाराचा हा सारा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय रोजगार संस्थेचे मुख्यालय याच न्युरेम्बर्गमध्ये आहे. आजारामुळे जुना व्यवसाय सोडावा लागलेल्या प्रौढांना नवा व्यवसाय शिकवणारे केंद्रही या शहरात आहे.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावयाची आहे. या हक्कासाठी जर्मन नागरिकत्वाची अट नाही. कायदेशीररीत्या येथे राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला तो आहे. २०२३ च्या अखेरीस या देशात सुमारे ७९ लाख तीव्र अपंग होते. त्यांपैकी जन्मतः अपंग अवघे ३ टक्के होते. सुमारे ९१ टक्क्यांचे अपंगत्व आजारातून आलेले होते. म्हणजे हृदयविकार, कर्करोग, मणक्याचे दुखणे, मूत्रपिंडाचा आजार, मनाचा आजार. यांतला एकही आजार आपल्या घरांना अपरिचित नाही. आज चाकाची खुर्ची दिसली की आपण आदराने बाजूला होतो. परंतु ही रांग आपलीच आहे, आपण तिच्यात जरा मागे उभे आहोत इतकेच.

आता एका तरुणाची हकीकत सांगतो. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नागपूरकडचा हा तरुण अभियंता या परिसरातील एका कारखान्यात काम करीत होता. पहिल्या हिवाळ्यात तो तीनदा रजेवर गेला, दुसऱ्या हिवाळ्यात पाचदा. कचेरीत कधी पोटाचे दुखणे सांगितले, कधी सर्दीताप. वरिष्ठांच्या मनात तो कामचुकार ठरत चालला. अखेर एका रात्री हाडे फुटावीत तशा वेदना घेऊन तो आमच्याकडे आला. त्याला सिकलसेल होता. त्याला ते बालपणापासून ठाऊक होते, त्याच्या आईवडिलांना ठाऊक होते, परंतु घराबाहेर कोणालाही सांगायचे नाही असे ठरलेले होते.

आम्ही त्याला विचारले, "अहो, येथील कायदा तुमच्या बाजूने आहे. अर्ज का केला नाहीत?"

तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नाव एकदा लिहिले गेले की पुसले जात नाही. नोकरी जाईल. आणि घरी धाकटी बहीण लग्नाची आहे."

या उत्तरावर आम्ही बराच वेळ निरुत्तर होतो. नाव लिहिले जाण्याची भीती या देशात अनाठायी होती असे कोण म्हणेल? तरीही आम्ही त्याला समजावले. आपल्या आजाराविषयी मालकाला सांगण्याची सर्वसाधारणपणे सक्ती नसते. प्रमाणपत्र काढून ते पेटीत ठेवता येते. नोकरीवर गदा आली आणि नोटीस मिळाली, तर तीन आठवड्यांच्या आत ते दाखवून संरक्षण मागता येते. त्याने अर्ज केला. रक्ताच्या दीर्घकालीन आजारात परिणाम सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहून अंश ठरतात. त्याला ४० अंश मिळाले, म्हणजे ५० च्या खाली. पण नोकरी धोक्यात असेल, तर ३० किंवा ४० अंशांच्या व्यक्तीला रोजगार कार्यालय तीव्र अपंगांच्या बरोबरीचा दर्जा देऊ शकते. तो त्याला मिळाला. पाच दिवसांची जादा रजा त्यात नाही, परंतु बडतर्फीपासून संरक्षण आहे आणि मालकाच्या ५ टक्क्यांच्या हिशेबात त्याची गणना होते. पुढे त्याने आपण होऊन वरिष्ठांना खरे काय ते सांगितले. उघड्या, थंड गोदामातील काम बदलून त्याला आतले काम देण्यात आले. खर्च जवळजवळ शून्य. दोन वर्षे जे दुखणे लपवून नोकरी जाण्याची वेळ आली होती, ते सांगितल्यावर नोकरी टिकली.

यावरून येथे सारे आलबेल आहे असा समज कृपया करून घेऊ नये. ५ टक्क्यांचे बंधन असलेल्या मालकांपैकी सुमारे एक चतुर्थांश मालक एकही तीव्र अपंग ठेवत नाहीत. ते भरपाई भरून मोकळे होतात. एकदा बेकार झालेल्या अपंगाला नवे काम मिळण्यास इतरांहून अधिक काळ लागतो. सुमारे ३ लाख अपंग ज्या विशेष कार्यशाळांत काम करतात, तेथे किमान वेतनाचा कायदा लागू नाही आणि महिन्याचा सरासरी मोबदला २५० युरोच्याही आत राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने या कार्यशाळांवर टीका केलेली आहे. निराळी वस्ती, निराळा पाणवठा आणि निराळी मजुरी यांचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही या देशाच्या कायद्यातील एक तत्त्व घेण्याजोगे आहे. तो रोगाचे नाव विचारून थांबत नाही, अडथळा मोजतो.

आता मायदेशाकडे पाहू. १९९५ साली भारतात अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व मेंदूचा पक्षाघात असलेले, अशा तीन गटांना प्रत्येकी १ टक्का. या तरतुदीची अंमलबजावणी इतकी संथ होती की २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राखीव जागांची मोजणी कशी करावी, हे सांगावे लागले. मग २०१६ चा नवा कायदा आला. अपंगत्वाचे मान्य प्रकार २१ झाले आणि राखीव जागा ४ टक्के झाल्या. खाजगी मालकांवर मात्र जर्मनीसारखी सक्ती नाही; त्यांना उत्तेजन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो.

त्या कायद्यातील एक तरतूद आपल्या गावाकडील प्रत्येक सरकारी नोकरदाराच्या घरी माहीत असावयास हवी. सेवेत असताना अपंगत्व आले, तर त्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही, त्याची पायरीही उतरवू शकत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. १९९५ च्या कायद्यातही हे होते आणि पाय गमावलेल्या एका शिपायाला २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे न्याय दिला. असे असूनही अपघातानंतर घाबरून राजीनामा लिहून देणारे आणि नंतर पस्तावणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी कायद्याचा कागद वाचावा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

२०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींत मात्र २.४५ टक्के. हा फरक लहान दिसतो, पण तो योगायोगाने आलेला नाही. निकृष्ट आहार, दूरचा दवाखाना, गटार आणि खाण यांतील काम, उपचाराला झालेला उशीर यांचा तो हिशेब आहे. त्याच जनगणनेप्रमाणे अपंगांपैकी कामकरी म्हणून नोंद झालेले सुमारे ३६ टक्के होते. स्त्रियांत हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होते. गरीब घरातील अपंगत्व भूक वाढवते आणि भूक अपंगत्व वाढवते. या चक्रात दलित स्त्री सर्वांत खाली भरडली जाते.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही येथवर आलो, तो मांडतो. सिकलसेल हा विदर्भाच्या मातीतला आजार आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. तेव्हापासूनच्या पाहण्यांत तो आदिवासींत आणि आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात ठळकपणे आढळला आहे. सिकल म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी हा झटका येतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस बहुधा धडधाकट दिसतो. हेच त्याचे दुर्दैव आहे. डोळ्यांना दिसत नाही ते दुखणे खरे नसते, अशी मालकांची आणि कधी कधी नातलगांचीही समजूत असते.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेलला २१ प्रकारांत स्थान दिले. थॅलॅसेमिया व हिमोफिलिया यांनाही दिले. आपल्या समाजाने त्याचे स्वागत केले. परंतु कायदा नीट वाचला असता काय दिसते? उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत. त्यात सिकलसेलग्रस्त येऊ शकतो. नोकरीतील ४ टक्के जागा मात्र कलम ३४ मध्ये गटवार वाटलेल्या आहेत. दृष्टी, श्रवण, हालचाल, बुद्धी व मन यांच्याशी संबंधित अपंगत्व आणि त्यांतील बहुविकलांगता, एवढेच ते गट आहेत. रक्ताचे आजार त्यांत नाहीत. म्हणजे ज्या मुलीला अपंग म्हणून महाविद्यालयाचे दार उघडले, तिला पदवी घेऊन नोकरीच्या दाराशी आल्यावर सांगितले जाते की तुमच्यासाठी येथे रकाना नाही. यादीत नाव आहे, सवलतीत नाही. १९५६ ते १९९० या काळातील आपल्या स्थितीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, त्या मुलीला अनुसूचित जातीचे आरक्षण आहेच की! ते आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्या रांगेत तिची स्पर्धा निरोगी मुलांशी असते. परीक्षेच्या आदल्या रात्री झटका आला, तर जातीचे प्रमाणपत्र वेदना थांबवीत नाही. जात हा एक अडथळा आणि आजार हा दुसरा. एकाची भरपाई केली म्हणून दुसरा फिटत नाही. म्हणूनच अपंगांचे आरक्षण हे जातवार आरक्षणाला आडवे छेदणारे आरक्षण मानले गेले आहे. त्यासाठी कोणाच्या ताटातील घास काढून घ्यावा लागत नाही. रोगाच्या नावाऐवजी अडथळा मोजा, एवढीच मागणी आहे.

मात्र सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची आहे. तपासणीचे पथक दारात आले की आपल्यापैकीच काही कुटुंबे मुलीला मागल्या दाराने शेजारी पाठवतात, हे खोटे आहे काय? जात लपवून शहरात खोली मिळवणारी आपली एक पिढी होती. तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु आजार लपवल्याने खोलीही मिळत नाही. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने झटके कमी होतात; ते औषध लपलेल्या मुलीपर्यंत पोहोचत नाही.

येथे थोडे विज्ञान सांगितले पाहिजे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुणसूत्रातील दोष मिळाला, तर मूल केवळ वाहक असते. ते रुग्ण नसते आणि सर्वसाधारण आयुष्य जगते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. हे पाप नव्हे. मलेरियाच्या प्रदेशात या वाहकांना काही संरक्षण मिळाले, म्हणून तो दोष टिकला; आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्ने त्याच जातीच्या वर्तुळात झाली, म्हणून तो त्या वर्तुळात साचला. जात ही जातीअंतर्गत विवाहावर उभी आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. त्याचा एक पुरावा आपल्या रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, असे आम्ही वैद्यक म्हणून म्हणू शकतो. राहिला प्रश्न पूर्वजन्मीच्या कर्माचा. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख येते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली आहे. जो तो ग्रंथ मस्तकी लावतो, त्याने आजारी मुलाकडे पाहून 'काय पाप केले होते' असे म्हणू नये.

बाबासाहेबांच्या शरीराचीही आठवण येथे ठेवावी. मधुमेहाने ते जर्जर झाले होते, पाय दुखत, अखेरच्या काळात चालताना आधार लागे. त्या शरीराने त्यांनी संविधानाचा मसुदा सिद्धीस नेला, लक्षावधींना दीक्षा दिली आणि धम्मग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या आजाराची चर्चा आपण हळहळण्यासाठी करतो. तिच्यातून काम आणि आजार सोबत असू शकतात, हा बोध मात्र घेत नाही. ते कामगार खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये, प्रा. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आणि संविधानाच्या ४१ व्या कलमात काम मिळण्याच्या हक्काबरोबर बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे. काम आणि साहाय्य ही दोन निराळी दाने नाहीत, हा त्या वाक्याचा अर्थ आम्ही घेतो.

परदेशी बसलेल्या आपण काय करावे? आम्ही तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, येथे ज्यांना दीर्घ आजार आहे, त्यांनी लाज सोडून अर्ज करावा. बायर्न राज्याच्या कुटुंब व समाजविषयक केंद्राचे कार्यालय याच शहरात आहे. जर्मन भाषा अडत असेल त्यांच्यासाठी संघाने महिन्यातून एक दिवस अर्ज भरून देण्याची सोय करावी. आम्ही त्यासाठी वेळ देण्यास बांधील आहोत. दुसरी, आपल्या मुलामुलींची लग्ने जुळवताना पत्रिकेऐवजी रक्ताची तपासणी मागावी आणि वाहक निघालेल्या मुलीला नाकारण्यासाठी ती वापरू नये. दोघांनी समजून निर्णय घेण्यासाठी वापरावी. तिसरी, संघाने असा ठराव करावा की रक्ताच्या आजारांचा समावेश नोकरीतील राखीव जागांच्या कलमात व्हावा आणि ठरावाच्या प्रती भारतातील सामाजिक न्याय मंत्रालयाकडे व आपल्या भागातील लोकप्रतिनिधींकडे पाठवाव्यात. दरवर्षी आपण गावाकडे विहारासाठी धम्मदान पाठवतो. त्यातील काही वाटा एखाद्या मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र निघेपर्यंतच्या खेपांच्या प्रवासखर्चासाठी पाठवावा. जिल्ह्याच्या रुग्णालयात तीन वेळा जाऊन येणे म्हणजे मजुराच्या घरची तीन दिवसांची चूल असते.

या शहरात मानवी हक्कांचा एक रस्ता आहे. १९९३ मध्ये तो साकारला. त्याच्या खांबांवर मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची कलमे कोरलेली आहेत. आज सायंकाळी जेवणापूर्वी मुलांना तेथे अवश्य न्यावे. तेविसावे कलम कामाच्या हक्काचे आहे, पंचविसाव्यात आजारपण आणि अपंगत्व यांतील सुरक्षिततेचा उल्लेख आहे. ज्या शहरात माणसांची नावे वेगळी काढण्याचे कायदे झाले, तेथेच ती कलमे खांबांवर लिहिली गेली आहेत. लिहिलेले नाव पुसले जात नाही, असे तो तरुण म्हणाला होता. ते खरे आहे. म्हणूनच ते कोणत्या कागदावर लिहावयाचे, हे आपण स्वतः ठरवले पाहिजे. तो तरुण आज या सभागृहात बसलेला आहे. आपले नाव कोणापासून लपवायचे आणि कोणाला सांगायचे, हे तोच ठरवेल. आपण फक्त इतके करू या की सांगण्याची वेळ आली, तर त्याला आपल्यापैकी कोणाचीही भीती वाटू नये.